पांढऱ्या मांजरीच्या पोटावरची उघडी जागा

आठवीत शाळा सुटली. पुढं किनवटकडचं गाव सोडून मी इथं संभाजीनगरात आले. चितेगावच्या कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं, पण एकट्या पोरीला खोली कोण देतंय? शेवटी एका बाईंनी दिली, सगळे त्यांना खाला म्हणायचे. घरात त्या एकट्या, आणि एक पांढरी मांजर. उपकार मोठे वाटले, म्हणून पहिल्याच दिवशी मी ती खोली फिनाईलनं घासून काढली. पडदे, चादरी, गादीची खोळ, सगळं धुतलं.

आठवड्याभरात मांजरीच्या पोटावरचे केस जायला लागले. आधी बोटभर जागा, मग तळहाताएवढी. गुलाबी, उघडी. अन् झाडताना एकही केस सापडत नव्हता. जात होते तर कुठं जात होते? सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी, माझ्या खाटेखालून आवाज यायचा. खर्र, खर्र. वाकून बघितलं की थांबायचा. तिथं बसलेली मांजर माझ्याकडं नाही, माझ्या खांद्यामागं बघत असायची.

शेजारीण जिन्यात हसत म्हणाली, "तू आलीस अन् मांजर सोलवटायला लागली. पायगुण म्हणायचा का काय?"

खालांना तसंच वाटलं तर? ही खोली गेली तर मी कुठं जाणार होते?

शेवटी खाला अन् मी तिला टोपलीतून जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बारीक कंगवा फिरवला, कातडी भिंगातून बघितली, उघड्या जागेवर बोट उलटं फिरवलं.

"पिसवा नाहीत, खरूज नाही. आणि केस गळत नाहीत. हे खुंट टोचतात बघा. ही चाटून चाटून तोडते अन् गिळते. लपून करतात मांजरं. दुखणं आहे का तेही तपासू. पण घरात काही बदललंय का?"

"मी आले," मी म्हणाले.

खालांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "ही नाय, डॉक्टर. हिच्या आधी माझी बहीण गेली. त्याच खोलीत, त्याच खाटेवर. मांजर तिची होती."

त्या खाटेवर मी रोज झोपत होते. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"आपल्या माणसाचा वास मिळेना म्हणून चाटत असेल," डॉक्टर म्हणाले. "त्यांची एखादी न धुतलेली वस्तू आहे का?"

तो वास तर मीच पुसला होता. रिक्षात खालांना तसं सांगितलं अन् वाट बघत बसले, की आता म्हणतील, सामान बांध.

"तुला काय ठाव होतं, बेटी? मीच बोलले नाय. भिऊन पळाली असतीस. ती रिकामी खोली मला लई खायला उठायची."

घरी आल्यावर त्यांनी ट्रंकेतून बहिणीची ओढणी काढून माझ्या खाटेवर अंथरली. "झोपशील ना इथं?"

"व्हय," मी म्हणाले.

मांजर वर आली, ओढणीत तोंड खुपसून निजली. आवाज थांबला. मी भिंतीला चिकटून पडले, ओढणीएवढी जागा सोडून. दोन-तीन महिन्यांत केस परत आले. मी मात्र अजून भिंतीकडंच झोपते.