आत्यांचा न घेतलेला अंगठा

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, देवापुढं हात जोडतानासुद्धा नाही — तिथंही मी दुसरंच काहीतरी मागून उठते. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही आमच्या घरातले नाही, एवढंच कारण असेल.

आमच्या घरात माझं सासूवरचं प्रेम हा कौतुकाचा विषय आहे. सासूबाईंचं नाव निघालं की आजीचे डोळे भरतात, असं नाती चारचौघांत सांगतात. भरतात, खोटं कशाला बोलू? पण ते पाणी कसलं आहे हे त्या पोरींना ठाऊक नाही, आणि मी कधी कळू दिलेलं नाही.

तर — सुरुवात कुठून करू? बदल्यांपासून करते.

आमचे हे पलटणीत गाड्यांच्या दुरुस्तीवर होते. लग्न झालं तेव्हा नाईक, मग हवालदार झाले. मी नगरच्या एका मास्तरांची मुलगी. शहराच्या वेशीबाहेर कधी फारशी गेले नव्हते. आणि लग्नानंतर चार वर्षांत नगर, झाशी, देवळाली, महू आणि पुन्हा नगर! दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस ते. हुकूम यायचा आणि चार दिवसांत खोली मोकळी करून द्यायची. माझी शालन महूला झाली, नगरला रांगायला लागली.

या सगळ्या फिरस्तीत आमच्याबरोबर सासूबाई असायच्या. आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात, मीही आत्याच म्हणायची. त्यांना दुसरं मूल नव्हतं, सासरे केव्हाच वारलेले. गाव आमचं पुण्याच्या रस्त्यावर, कामरगावचा घाट चढून गेलं की कोसभर आत. त्या गावाबाहेर साठ वर्षं पाऊल न टाकलेली ही बाई, पण बदलीला अशी काही सरावली की बघत राहावं. पेटीत तळाला काय, वर काय, हे त्यांनी ठरवायचं. मीठ-मिरची आणि चहा-साखर नेहमी हाताशी, कारण नव्या जागी पहिली चूल अर्ध्या तासात पेटली पाहिजे. ती पेटायचीच. मी नव्या खोलीच्या दारात रडव्या तोंडानं उभी असायची आणि तोवर आत्यांनी तीन दगड मांडून, शेजारणीकडून विस्तव आणून, वर तिचं नाव-गाव, माहेर-सासर सगळं विचारून घेतलेलं असायचं. झाशीच्या बायकांची बोली त्यांना येत नव्हती. त्यानं त्यांचं काही अडलं नाही. महिन्याभरात पलटणीच्या खोल्यांच्या त्या अख्ख्या लाइनीची ती आई झाली. कुणाचं बाळंतपण असो, कुणाच्या पोराचं पोट दुखो, बोलावणं आत्यांना.

आणि मला? मला कुणी नावानंही ओळखत नव्हतं. मी 'आईची सून'.

त्यांनी मला सासुरवास केला असता तर आज सांगायला सोपं गेलं असतं. केला नाही. एक वाकडा शब्द मला आठवत नाही, आणि मी पुष्कळ आठवून बघितलं आहे. माझ्या वाटणीची भाकरी त्या आधी काढून ठेवत. पण आमची एकच खोली, मधे पोत्यांचा पडदा. हे कामावरून आले की आधी तिच्याजवळ टेकायचे, दिवसभराचं तिला सांगायचे. मला त्यातलं उरलंसुरलं मिळे. मी एकोणीस-वीस वर्षांची होते. मला माझी चूल हवी होती, माझा नवरा हवा होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही. तेव्हा मनात काय होतं तेवढंच सांगते.

बंगळूरचा हुकूम आला तेव्हा आत्या गावी होत्या, भाचीच्या लग्नाला गेल्या होत्या. या खेपेला सगळा रस्त्याचाच प्रवास होता. एरवी बायकामुलांना आगगाडीनं पाठवत, पण गाड्या गोऱ्या सोजिरांनी आणि सामानानं भरलेल्या. म्हणून लॉऱ्यांच्या तांड्यात एक लॉरी बायकामुलांना दिली होती. जागा मोजक्या. यादी झाली. त्यात बायको आणि मुलं धरलेली, म्हातारी माणसं नाहीत. ह्यांनी साहेबाकडं अर्ज केला की आई माझ्यावरच अवलंबून आहे. साहेबानं मान्य केला. अट एवढीच की आई स्वतःच्या राजीनं येते आहे असा कागद, त्यावर तिचा अंगठा, शनिवारपर्यंत कचेरीत पोचला पाहिजे.

ह्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती, सगळ्या लॉऱ्या निघण्याआधी तपासून द्यायच्या होत्या. तेव्हा त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. म्हणाले, "तू जाऊन ये. वाच तिला, आणि अंगठा घे. ती बसून असेल वाट बघत."

मी गेले. शालन काखेत, शाईची डबी फडक्यात बांधलेली, केडगावपर्यंत टांग्यानं आणि पुढं मोटारीनं. कागद पोलक्यात होता. सगळ्या वाटेत मी काही ठरवलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आले — पण ते खरं आहे का? मोटार घाट चढत होती तेव्हा मी बंगळूरच्या खोलीत पेटी कुठं ठेवायची याचा विचार करत होते. त्या खोलीत पोत्यांचा पडदा नव्हता.

आत्या ओसरीवर होत्या. मला बघून उठल्या आणि आधी शालनला घेतलं. "कुठली निघाली बदली?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बंगळूर. त्यांनी लगेच किती दिवसांची वाट, पाणी कसं, तांदूळच खातात का तिथं, असं सुरू केलं. आणि मी मधेच म्हणाले की आत्या, या खेपेला म्हाताऱ्या माणसांना साहेब नाही म्हणाला.

एवढंच. इतकं सोपं असतं ते.

त्यांनी विचारलं की पोराला वाईट वाटलं असेल ना? मी हो म्हटलं. कागद पोलक्यात होता, बोलताना टोचत होता. मला त्यांनी जेवू घातलं, वाटेसाठी म्हणून शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि मोटारीपर्यंत सोडायला कोसभर चालत आल्या.

नगरला परतले आणि ह्यांच्या हातात तो बिनअंगठ्याचा कागद ठेवला. आत्या नको म्हणतात, म्हटलं. म्हणतात, आता फिरणं पुरे झालं, मला माझं गावच बरं. ते कागदाकडं बघत राहिले. मग घडी घालून खिशात ठेवला आणि कामावर निघून गेले. रागावले असते तर मी कदाचित बोलले असते. कदाचित. याही 'कदाचित'ला काही अर्थ नाही.

इथंच हे संपलं असतं तर मी म्हटलं असतं, तरुणपणची एक चूक. पण अजून घाट राहिला.

पलटणीच्या लॉऱ्या कुठंही थांबत नाहीत. ठरलेले थांबे असतात, आणि नगरहून पुण्याकडं निघालं की पहिला थांबा घाटमाथ्यावर, कारण चढून चढून इंजिनं तापतात, त्यांना पाणी लागतं. आत्यांना हे पाठ होतं, आणि निघायचा दिवस मीच त्यांना सांगून आले होते. सकाळी आमची लॉरी माथ्यावर टेकली तर त्या घागर घेऊन उभ्या. शेजारी एक गाठोडंही होतं. ड्रायव्हरांना त्यांनी आपल्या हातानं पाणी ओतून दिलं, मग आमच्या लॉरीशी आल्या, शालनला घेतलं आणि मला बाजूला बोलावलं.

"रातभर इचार केला," त्या म्हणाल्या. "साहेबाला मीच इचारते. म्हाताऱ्या मानसाला तोंडावर न्हाई म्हनायचा न्हाई त्यो."

साहेबाची जीप पन्नास पावलांवर उभी होती. ह्यांची गाडी बंद पडलेल्या लॉऱ्या ओढायची, ती सगळ्यात मागं, अजून घाटातच होती. पाच-दहा मिनिटांत येणार होती. म्हातारी साहेबाकडं गेली की संपलंच, आणि हे आले तरी संपलंच. मला तेव्हा लाज नव्हती वाटत. भीती वाटत होती, पकडली जाण्याची.

मी म्हटलं, "आत्या, नका. साहेबानं बजावलंय, कुणाचे आईबाप वाटेत दिसले तर त्याची फीत कापणार."

त्यांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. पलटणीतल्या बाईला दंडावरच्या फितीचं महत्त्व कुणी सांगावं लागत नाही. ह्यांना तिसरी फीत मिळाली तेव्हा आत्यांनी सगळ्या लाइनीत गूळ वाटला होता. ती फीत त्यांच्यामुळं जाणार, असं मी त्यांना सांगत होते.

"त्येची?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मग मी आलेच न्हाई," त्या म्हणाल्या. "त्येला सांगू नको. जीवाला लावून घील."

शालनला त्यांनी माझ्याकडं दिलं. ती त्यांचा पदर सोडेना, तर एकेक बोट सोडवलं. गाठोडं उचललं आणि रस्त्याकडेच्या बांधापलीकडं जाऊन बसल्या. निवडुंग होता तिथं. मला ठाऊक होतं म्हणून मला त्यांचा पदर दिसत होता. दुसऱ्या कुणाला दिसला नसता.

तेवढ्यात ह्यांची गाडी आली. उतरले, इकडं-तिकडं बघितलं. रस्ताभर नजर फिरवली, गावाकडच्या पायवाटेवर नजर लावून उभे राहिले. मग माझ्याजवळ येऊन विचारलं, "आई आली नाही?"

"नाही," मी म्हटलं.

"निरोपालाही नाही," ते म्हणाले, आणि पाण्याचा डबा घ्यायला गेले. बांध तिथून वीस पावलांवर होता. आई वीस पावलांवर श्वास रोखून बसली होती, त्याची फीत वाचवत. आणि तो आईवर रुसून इंजिनात पाणी ओतत होता. मी मधे उभी होते. एका हाकेचं काम होतं. शिट्टी झाली आणि आम्ही लॉरीत चढलो. ताडपत्री मी आतून ओढून घेतली — धूळ येते म्हणून, असं बायकांना सांगितलं. आत्या येऊन गेल्याचं ह्यांच्या कानावर घालू नका, त्यांनीच तसं बजावलंय, असंही.

बंगळूरला मला माझी चूल मिळाली. ती पहिल्या दिवशी पेटायला संध्याकाळ झाली.

ह्यांनी गावी पत्र लिहिणं कमी केलं. तिला गरज नाही तर आपण तरी कशाला, असं एकदा म्हणाले. तिकडून आत्यांची पत्रं कुणाकुणाच्या हातची यायची. त्यांत आमची खुशाली विचारलेली आणि साहेबाशी नीट राहा, म्हणून लिहिलेलं असायचं. हे वाचून बाजूला ठेवायचे. दीड वर्षानं आत्या गेल्याचं पत्र आलं ते तेरावा झाल्यावर. ते पत्र हातात घेऊन हे अंगणात बसले, आणि 'बोलावलं होतं मी तिला,' एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

लढाई संपली, आम्ही नगरला परत आलो, गावी गेलो. शेजारच्या भागूमावशी भेटायला आल्या. ह्यांच्याकडं बघून त्या रडायला लागल्या आणि मग सांगू लागल्या. पुण्याच्या रस्त्यानं लष्कराच्या लॉऱ्या येताना दिसल्या की म्हातारी घागर घेऊन घाटावर जायची म्हणे. ऊन नाही, थंडी नाही. पोरांना पाणी द्यायची आणि विचारायची, बंगळूरच्या पलटणीचं काय? आता तरी म्हाताऱ्या मानसांना नेत्यात का? आणि साहेबाची गाडी दिसली की बांधाआड जाऊन बसायची.

भागूमावशी गेल्या. हे ओसरीवर बसून राहिले. माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "तिला यायचं नव्हतं ना? तू विचारलं होतंस ना नीट?"

आता भ्यावं असं कुणी नव्हतं. साहेब नव्हता, लॉरी सुटायची नव्हती, फीत जायची नव्हती. आत्या तर कुणाचं काही ऐकण्यापलीकडं गेल्या होत्या. त्या दिवशी मी खरं सांगितलं असतं तर एका मुलाला त्याची आई परत मिळाली असती.

मी म्हटलं, "विचारलं होतं. शेवटी शेवटी भ्रम झाला असेल त्यांना. म्हातारपणी होतं असं."

त्यांनी ते मानलं. पुढं चाळीस वर्षं जगले, आणि आईचं नाव निघालं की लोकांना सांगायचे, आमची आई शेवटी भ्रमिष्ट झाली होती. मी शेजारीच बसलेली असायची.