लाल दिव्याखालची खुर्ची

ऑपरेटर मामाला हळू बोलता येत नसे. त्याला स्वतःला मात्र वाटायचं की आपण हळू बोलतोय. तोंडावर हात आडवा धरायचा, मान झुकवायची, डोळे बारीक करायचे. कानगोष्टीची सगळी तयारी व्हायची आणि मग जो आवाज निघायचा तो गोखिवऱ्याच्या आमच्या आळीत चार घरं पलीकडे भाजी चिरणाऱ्या बाईला बसल्या जागी कळायचा. माझ्या मावसबहिणीला बघायला फुलपाड्याहून पाहुणे आले होते. मामा आईच्या कानाशी लागला आणि म्हणाला, "बाय, पोरगा बरा हाय, पन बापाचं तोंड बघ, चिंच खाल्ल्यावानी." मुलाच्या बापानं हातातला कप खाली ठेवला. शेवटी तो बापच हसला. लग्न झालं, आणि पुढे प्रत्येक कार्यात तो माणूस मामाला शेजारी बसवून घ्यायचा. विचारायचा, "काय ऑपरेटर, आज तोंड कसं आहे?"

मामा म्हणजे माझ्या आईचा पाठचा भाऊ. माणिकपूरजवळच्या जुन्या टॉकीजमध्ये तो पिक्चर चालवायचा. त्या कामाला आमच्याकडे ऑपरेटर याखेरीज दुसरा शब्द कोणी वापरला नाही, आणि मामाचं खरं नाव बहुधा त्याच्या रेशनकार्डालाच ठाऊक असेल. मिसरूड फुटल्यावर तो तिथे लागला तो टॉकीज बंद होईपर्यंत. वर बूथमध्ये मशीनची खडखड, गरम हवा ओढणारा पंखा आणि भिंतीपलीकडे जनरेटर. दोन माणसांना एकमेकांशी बोलायचं तर ओरडावंच लागे. त्यामुळे मामाचा आवाज हा टॉकीजनं त्याला दिला, असं घरात सगळे धरून चालले होते. यात आणखी काही असेल असं कोणाच्या मनात आलं नाही.

त्याची दुसरी खोड म्हणजे तो माणसं मागून ओळखायचा. बूथला दोन भोकं. एकातून उजेड पडद्यावर जाणार, दुसऱ्यातून ऑपरेटर खाली बघणार. खाली दिसणार काय, तर लोकांच्या पाठी आणि मुंड्या. बाजारात तुम्ही समोरून आलात तर मामा भिंतीला बघावं तसा तुमच्याकडे बघून पुढे जायचा. तुम्ही मनात म्हणायचात, माजलाय. मग तुम्ही दहा पावलं गेलात की मागून हाक यायची, "ए पास्कल, येवढा मोठा झालास, वळख पन देत नाय?" पास्कलनं मघाशी हात वर केलेला असायचा. पण चेहरा मामाच्या कामाचा नव्हता. टक्कल, वेणी, खांद्याचा उतार, यावर त्याचा हिशोब चाले.

पिक्चरची गोष्ट सांगण्यात मामाचा हात कोणी धरला नसता. फक्त ती गोष्ट त्या पिक्चरची नसायची. शुक्रवारी नवीन पिक्चर लागला की रात्री ओटीवर बसून तो आम्हाला सांगायचा. नायकाची सख्खी बहीण कशी जत्रेत हरवली, मग काळा डगला घालून कशी परत आली आणि भावावर कशी चिडली. आम्ही रविवारी जाऊन बघावं, तर ती बाई कोणाची बहीण नव्हे, सरकारी वकील निघायची. माझा भाऊ म्हणायचा, "मामा, तू कुठला पिक्चर बघितलास?" मामा शांतपणे सांगायचा, "तुमी लोकं नुसतं आयकता. मी बघतो." आम्हाला त्याची गोष्ट जास्त आवडायची, म्हणून आम्ही वाद घातला नाही.

आमच्या घरात पहिली पदवी माझी. वडील मिठागरावर, आई भाताच्या शेतात. सही सोडून दोघांनी कागदावर काही लिहिलं नाही. हे मी आजही कोणाला सांगायला कचरत नाही, उलट दोनदा सांगते. निकाल लागला त्या दिवशी मामानं कोणाला पेढे वाटले नाहीत. इंटरवलला पडद्यावर जाहिरातींच्या काचा दाखवत, मधेच एखादी निरोपाची काच असे, अमक्याने बाहेर यावे, घरी पाहुणे आले आहेत. तशी एक काच त्यानं स्वतः शाईनं लिहिली: "गोखिवऱ्याची वैशाली बी.कॉम. पास. ऑपरेटरची भाची." हॉलमध्ये शिट्ट्या पडल्या. मी खाली मान घालून बसले खरी, पण काच उतरेपर्यंत एकदा चोरून वर बघितलंच. त्या दिवसापासून मामानं मला नावानं हाक मारली नाही. "काय बीकॉम, जेवलीस?"

आता आईच्या शुक्रवाराबद्दल. शेजारणी शुक्रवार धरायच्या, आंबट खायच्या नाहीत. आईचा शुक्रवार टॉकीजचा होता. नवीन पिक्चर कसलाही असो, मारामारीचा, भुताचा, दक्षिणेतला डब केलेला. पहिल्या दिवशी दुपारच्या पहिल्या खेळाला आई जाणार. भाताची आवणी चालू असली तरी चिखलाचे पाय धुऊन जाणार. आणि बसणार एकाच खुर्चीत. बाहेर जायच्या दरवाजावर लाल दिवा होता, त्याच्या बरोबर खाली, कडेची. तिथून पडदा तिरका दिसायचा. मी एकदा म्हटलं, आपण मधे बसू. आई म्हणाली, "तू बस मदे. माझी जागा ही." आम्ही समजलो, भावाचा मान आहे.

त्या खुर्चीत आई बसायची कशी, तर पिक्चर सुरू झाल्यावर थोड्या वेळानं चपला काढून दोन्ही पाय वर घ्यायची आणि ओटीवर बसावं तशी मांडी घालायची. मला ते आवडायचं नाही. कॉलेजच्या मैत्रिणी बरोबर असल्या की मी दातांतल्या दातांत म्हणायचे, "आई, पाय खाली." आई म्हणायची, "गप. पिक्चर बघ." आणि मांडी तशीच.

हे सगळं मला उलगडलं ते मी नोकरीला लागल्यावर. तोवर जुनी मशीन जाऊन डिजिटल आलं होतं. रिळं गेली, खडखड गेली. एका शुक्रवारी ऑफिस अर्धा दिवस होतं. आई आधीच टॉकीजमध्ये गेली होती, म्हणून मामाचा डबा मी वर बूथमध्ये नेला. मामा भोकाला कपाळ टेकून उभा होता, पाठ माझ्याकडे. मी हाक मारली. वळला नाही. मोठ्यानं मारली. नाही. खोलीत आता ओरडण्याइतका आवाजच नव्हता. मी त्याच्या शेजारच्या, उजेडाच्या भोकाच्या कडेनं, उजेड न अडवता खाली बघितलं. लाल दिव्याखाली आईचं डोकं दिसत होतं. आईनं पदर डोक्यावरून ओढून कानावर घेतला. मामाचा हात आवाजाच्या बटणावर होता, तो थोडा मागे फिरला. आईनं पदर सोडला, पण मान पुढे काढली. हात किंचित पुढे आला. मग आईचं डोकं वीतभर वर आलं. तिनं मांडी घातली होती. मामानं खिशातून खडू काढला आणि बटणाशेजारी एक रेघ मारली. आठवडाभर तो पिक्चर त्या रेघेवर चालणार होता.

मामाला ऐकू येत नव्हतं.

संध्याकाळी मी आईला सरळ विचारलं, "कधीपासून?"

"तू चौथीत व्हतीस. मशीनीनं कान खाल्लं त्याचं."

"आणि तू कोणाला बोलली नाहीस?"

"बोलून काय? शेठ दुसरा मानूस ठेवील. हा काय करनार मग, भात लावनार? चिखलात उभा केला तर हा पाठ फिरवून पडदा शोधील."

हॉल भरलेला असायचा तेव्हा मामाचं इतरांवरही भागत असे. लोक माना पुढे काढू लागले की आवाज वाढव, बाया कानावर हात नेऊ लागल्या की कमी कर. आई ही फक्त खात्री. मॉल झाले, लोक तिकडे वळले, तेव्हा दुपारच्या खेळाला आईशिवाय दोन-चार झोपलेली माणसं उरली. मामा घरी येऊन म्हणायचा, "आज हॉलला कान नाय." चर्चचा उपासकाळ आला की जास्तच म्हणायचा, कारण आमच्याकडची ख्रिश्चन मंडळी ते दिवस पिक्चर टाळत. आम्ही ते वाक्य धंदा मंदा असल्याचं समजत होतो. तो अगदी शब्दशः सांगत होता.

मी त्याला म्हटलं, कानाचं मशीन घेऊन देते. त्यानं माझ्या ओठांकडे बघितलं, आणि आपल्या त्या कानगोष्टीच्या आवाजात म्हणाला, "बीकॉम, आंधला ड्रायवर आनि बहिरा ऑपरेटर कोन ठेवतो? शेठचा पुतन्या बूथमदला मानूस कमी करायला टपलाय. कानात मशीन दिसलं का झालं." मग म्हणाला, "घालीन. टॉकीज बंद झाली का दुसऱ्या दिवशी घालीन." मी उठून खिडकी लावली. तोपर्यंत उशीर झाला होता. पण आमची आळी चांगली. ऐकलेलं सगळंच बोलायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

टॉकीज बंद होणार हे आधी रिक्षा स्टँडवर कळलं आणि मग मामाला. तिथे टॉवर येणार, खाली दुकानं. पुतण्यानं ठरवलं की शेवटच्या दिवशी दुपारी एक जुना मराठी पिक्चर फुकट दाखवायचा, गावातल्या मोठ्या लोकांना बोलवायचं, हार, फोटो. मामाला नोकरीची भीती आता उरली नव्हती. त्याला भीती होती ती वेगळी. जुन्या पिक्चरचा आवाज कसा असेल सांगता येत नाही, खडूची रेघ नाही, आणि हॉल भरलेला असला तरी ती माणसं पिक्चर बघायला थोडीच येणार? फोटो काढणार, उभ्यानं गप्पा मारणार. त्यांच्या पाठींवरून काय कळणार? आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. मामा तिच्या पलंगाशी येऊन बसला आणि म्हणाला, "बाय, येवढी वर्सं झाकलं. आता शेवटाला सगल्या गावासमोर हसं होनार." हे अर्थात सगळ्या गावानं ऐकलं.

आई माझ्याकडे बघून म्हणाली, "ही बसंल."

मला तिनं तीन गोष्टी सांगितल्या. आवाज मोठा झाला तर पदर कानावर. बारीक झाला तर मान पुढं. बरोबर झाला की मांडी.

"मांडी कशाला? मी मान हलवीन."

"अंदारात मान हलवलेली वरून कळत नाय. मांडी घातली का डोकं वर येतं. मांडीच घाल."

मी नवी साडी नेसून गेले होते. लाल दिवा त्या दिवशीही चालू होता. माझ्या शेजारी शेठची सून, पलीकडे माझ्याच ऑफिसचे मोठे साहेब सहकुटुंब. पिक्चर सुरू झाला आणि आवाज असा अंगावर आला की साहेबांच्या बायकोनं दचकून नवऱ्याचा हात धरला. मी पदर डोक्यावरून ओढून कानावर घेतला. आवाज उतरला, फारच उतरला. मागून कोणीतरी म्हणालं, "संपली वाटतं टॉकीज आजच." मी मान पुढे काढली. आवाज हळूहळू वर येत गेला. नायिका आईला हाक मारत होती, ती नीट, घरातल्यासारखी ऐकू आली. मी चपला काढल्या. शेठची सून बघत होती. साहेबही बघत होते. मी दोन्ही पाय वर घेतले आणि ओटीवर बसावं तशी मांडी घालून बसले. खुर्ची लहान होती, गुडघा सुनेला लागत होता. पिक्चर संपेपर्यंत मी पाय खाली घेतले नाहीत. बूथमध्ये हात आता त्या बटणावरून निघाला असेल, एवढंच मनात होतं.

सगळे बाहेर पडले तेव्हा म्हातारे शेठ काठी टेकत माझ्यापर्यंत आले. खुर्चीकडे बघून म्हणाले, "आज आई नाही आल्या?" मी ऑपरेशनचं सांगितलं. ते म्हणाले, "विचारलं म्हणून सांगा. शुक्रवारी ही खुर्ची मी कधी विकू दिली नाही. आणि हा दिवा गेला की मी स्वतः उभा राहून बदलून घ्यायचो." एवढं बोलून ते गेले.

मी घरी येऊन हे आईला सांगितलं. तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मामाला नको सांगू. मेहनत घेतलीन त्यानं लपवायला." मी सांगितलं नाही.

मामानं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी नाही, पण त्या महिन्यात कानाचं मशीन लावलं. आता तो हळू बोलतो. इतकं हळू की आळीतल्या लोकांना चुकल्यासारखं होतं. आमची टॉकीज होती तिथे पत्रे लागलेत. मामा रोज दुपारी, पहिल्या खेळाच्या वेळेला, आमच्याकडे येतो आणि आईसमोर बसतो. आईला आता वयानं कमी ऐकू येतं, पण ती तसं कबूल करत नाही. मामा बोलत असतो. आई मान पुढे काढते, आणि मामा काही न विचारता आवाज वाढवतो. नीट ऐकू येऊ लागलं की आई पाय वर घेते. ऑपरेशननंतर मांडी पुरती बसत नाही. मामाला तेवढी पुरते.