म्यानातली टकटक

आधीच सांगतो, मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. भूत, करणी, अंगात येणं यावरून यवतमाळच्या कॉलेजात पोरांशी जन्मभर वाद घातले. तेव्हा हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा...

मला जुनी शस्त्रं जमवायचा नाद. ते ऐकून दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या चार दिवस आधी, बाभुळगावचे गफूरचाचा घरी आले. मोटारपंप दुरुस्त करायचे, वय ऐंशीच्या घरात. पिशवीतून त्यांनी नागमोडी पात्याचा खंजीर काढला. इंडोनेशियाचा क्रिस होता तो.

"अब्बा इंग्रजांच्या फौजेत होते, सर. दुसऱ्या महायुद्धात तिकडल्या बेटावर. एका घरातून उचलून आणला. मरताना म्हणे, ज्याचा हाय त्याले पोचव. माहा नातू जहाजावर हाय, आता तिकडंच चालला. आधी फोटो दाखवून घर शोधते म्हणते. बेट कोणतं, तेवढं सांगा."

मी म्हटलं, ठेवून जा. जाताना चाचा दारात थांबले. "दुपारी वाजते तो. भेऊ नका."

वाजलाच. चारच्या सुमारास, कपाटात, म्यानातून – टक, टक, टक... पातं सैल असेल म्हणून म्यानात कापड कोंबलं. कपाट बदललं. तरी तीन दिवस, रोज चारला.

चौथ्या दिवशी दसरा. त्या दिवशी सगळी हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची ही आमच्या घरची रीत. क्रिसचं पातं काळपट, खरबरीत, मळल्यासारखं दिसत होतं. माझ्या तलवारींबरोबर तेही लिंबू-रांगोळीनं घासलं, वर पॉलिश पेपर मारला. लखलखीत झालं. झेंडूचं फूल वाहिलं. त्या दुपारपासून आवाज बंद. खरं सांगू? मला बरंच वाटलं.

मग पुस्तकं काढून बसलो. बालीची पाती गुळगुळीत, चकचकीत ठेवतात. जावाची खरबरीत, काळसर. समोर चकचकीत पातं. मी तर फक्त मळ काढला, असं धरून चाललो, त्याच पात्याचे फोटो काढले आणि ऐटीत लिहून दिलं – बाली. एवढा शिकलेला माणूस मी...

नातवानं बालीत एका पिढीजात लोहाराला फोटो दाखवले. नातवाचा फोन आला तेव्हा मी चाचांच्या शेजारीच बसलो होतो. लोहार म्हणाला होता, घडण जावाची दिसते. पण जावात कुठली, ते पात्यावरच्या नक्षीवरून कळतं, आणि ती नक्षी कोणीतरी घासून टाकली आहे. आता कोणालाच सांगता येणार नाही.

दसऱ्याला पातं मीच घासलं, हे मी चाचांना सांगून टाकलं. चाचा म्हणाले, "तुमचा हेतू चांगलाच होता, सर." मग हळूच विचारलं, "वाजते का अजून?"

मी खोटं बोललो. म्हटलं, वाजतो.

"मंग बोलावून राह्यला कोणाले तरी," ते म्हणाले आणि त्यांचा चेहरा जरा निवळला.

चाचा उन्हाळ्यात गेले. जाताना घरच्यांना सांगून गेले, खंजीर सरांकडेच राहू द्या, तेच घर शोधतील.

क्रिस का वाजत होता, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. म्यानातलं कापड मी काढून टाकलंय. रोज चारला कपाटापाशी खुर्ची घेऊन बसतो. अजून एकदाही वाजला नाही.