बाईंच्या केसाला टांगलेला स्फटिक

प्राध्यापक बळवंतरावांची माझी पहिली भेट चांद्याच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत झाली. मी नवा साहाय्यक. आल्याआल्या दार आपटले. सर म्हणाले, "हळू. आतमंधी कोणी तरी वाढून राह्यलं." आत बरणीत तांब्याच्या क्षाराचा हिरवा स्फटिक वाढत होता. धक्का लागला की त्याची वाढ बिघडते.

सरांचे सारे काम अडलेल्या चुंबकांवर. असल्या स्फटिकात अणू तिघातिघांनी बसतात आणि प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचे असते. सर आपल्या ब्रह्मपुरीकडच्या बोलीत समजावीत, "दोघाइनं एकमेकाइले पाठ दाखवली. आता तिसऱ्यानं कुठी पाहावं?" वर्ग हसायचा, पण विसरायचा नाही.

चांद्याचा उन्हाळा स्फटिकांना सोसत नाही. म्हणून चुंबकत्वाच्या मोजणीसाठी हवा असलेला मोठा स्फटिक सरांनी घरी, पाण्याच्या रांजणाशेजारच्या गारव्यात वाढवायला ठेवला. ज्याभोवती स्फटिक वाढतो तो बारीक खडा, म्हणजे बी, टांगायला सुताचा धागा जाड पडे, तेव्हा सरांच्या पत्नी अनसूयाबाईंनी आपला लांब केस काढून दिला. बरणीची राखणही त्यांनीच केली. त्याच उन्हाळ्यात बाई तापाने गेल्या.

घरात कुणी गेले की आपल्याकडे भरलेले पाणी ओतून देतात. शेजारच्या राधाबाईंनी रांजण रिता केला, हंडे पालथे केले आणि ती चिनीमातीची बरणीही अंगणात ओतली. आम्ही स्मशानातून परतलो तोवर स्फटिक माणसांच्या पायांखाली चुरडला होता. राधाबाई रडू लागल्या, "मले का मालूम भाऊ, मले पाणीच वाटलं." ज्यांचे सर्वस्व त्या दिवशी गेले होते, त्यांनीच समजूत काढली, "तुमी रीतच पाळली बाई. पाणी ओतावंच लागते." सरांच्या मोठेपणाबद्दल मला याहून अधिक सांगता येत नाही.

चिखलात मला एकच खडा सापडला, भोवती केस गुंडाळलेला. सरांनी तो डबीत ठेवला आणि स्फटिक वाढवणे सोडून दिले. ती रिकामी बरणी पाहून आम्हा सहकाऱ्यांचा जीव तुटे.

यंदा साठी जवळ आली तशी सरांनी मला नवा द्रव करायला सांगितले. मी रेशमाचा धागा घेऊन गेलो. सर डबी उघडत म्हणाले, "केस नको काढू." पोटात केस असलेला स्फटिक मोजणीच्या कामाचा नसतो, हे मला त्यांनीच शिकवले होते. मी रेशमाचा धागा परत खिशात घातला. द्रव जरा पातळ निघाला असता तर खडा विरघळून गेला असता. मी तो त्याच केसाने टांगून बरणीत सोडला.

तो आता वाढतो आहे. केस हळूहळू आत जातो आहे. सरांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, तो स्फटिक त्यांच्या डोळ्यांसमोर खूप मोठा होवो, आणि कुणीही तो मोजायला मागू नये.