केकवरची साय

माझी पोर तापानं गेली, त्याला महिना होत आला होता. चार वर्षांची होती. आमच्याकडं त्या साली चारा उरला नव्हता, म्हणून ती गेल्यावर आठवड्यानं मालक म्हशी घेऊन गोदाकाठाला गेले. घरात मी आणि सासू. सासूला मी आत्या म्हणायची. आत्यांनी तेव्हापासून बोलणंच टाकलं होतं. भाकरी पुढ्यात ठेवली की खायच्या, एवढंच.

मी बीडला इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर कामाला जायची. तिथल्या म्हशीची धार काढायची, लोणी काढायचं. पोरीचं तिथं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.

नाताळाला अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचा मोठा साहेब, जेवायला येणार म्हणून मेमसाहेबानं केक करायला घेतला. अंडी मीच फोडली. साखर, लोणी, मैदा घोटून झाल्यावर तिनं कपाटातून एक बुटकी बाटली काढली. संत्र्याच्या सालीची गोड दारू. ती बंगल्यावरच्या मुसलमान खानसाम्याकडं धरली तसा म्हातारा मागं सरला.

"इसकू हात लगाना मेरेकू नक्को," तो मला म्हणाला. "तू डाल, बाई."

मी ओतली. आमच्यातही बायका दारूला शिवत नाहीत, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. खानसाम्यानं भांडं वाळू घातलेल्या देगचीत बसवलं आणि झाकणावर निखारे पसरले. थोड्या वेळानं सगळ्या स्वयंपाकघरात संत्र्याचा वास सुटला. वास येतोय एवढं कळत होतं.

मग कच्च्या दुधावरची साय माझ्यापुढं आली. ती फेसासारखी फुलवून केकवर थापायची होती. मेमसाहेबानं सोललेल्या काड्यांची जुडी दिली, हात कसा चालवायचा ते दाखवलं आणि ती बाहेर गेली. मी फेटायला लागले. साय फुलली, घट्ट झाली. तिथं थांबायचं होतं. माझा हात थांबलाच नाही. खानसाम्यानं मनगट धरलं तेव्हा खाली बघितलं, तर भांड्यात ताक सुटलं होतं आणि वर लोणी तरंगत होतं.

"ध्यान किधर है तेरा?"

"पोरगी वारली माझी," मी म्हणाले. वेळ सांगावी तसं सांगितलं.

त्यानं लोण्याचा गोळा काढून बाजूला ठेवला, सकाळची साय आणली, भांडं ओल्या वाळूत रोवलं आणि माझ्याजवळ बसून राहिला. फुलली तसं म्हणाला, "बस."

संध्याकाळी केक पाहुण्यांपुढं न्यायच्या आधी त्याच्या कडेचा तुकडा मेमसाहेबानं मला दिला. कसा झालाय, म्हणून खुणेनं विचारलं. मी मान हलवली. तोंडात मऊ, गार काहीतरी होतं. निम्मा पदरात बांधून घेतला.

घरी आले तर आत्या चुलीपाशी बसल्या होत्या.

"कशाचा वास येतोय गं?"

"दारूचा. केकात घातली."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी हात पुढं केला. मी तुकडा दिला. वरची साय पदरालाच पुसली गेली होती. त्यांनी हुंगला, चिमूटभर तोंडात टाकला.

"अंडी हायेत का ह्यात?"

"हायेत."

"किती?"

"बारा."

"बारा?" मग भाजला कसा, झाकणावर निखारे कशापायी ठेवले, साय कशी फुगते, सगळं विचारत गेल्या. मी सांगत गेले. पोरीनंतर आम्ही दोघी पहिल्यांदाच एवढं बोलत होतो, आणि तेही केकाबद्दल.

शेवटी म्हणाल्या, "खाल्ला असता का गं तिनं?"

"खाल्ला असता."

"लई गोड हाय," म्हणाल्या, आणि उठून पीठ मळायला बसल्या.

मालक चैतात परत आले. त्यांना बघून आत्या रडल्या. मी म्हशींना पाणी दाखवायला गेले.