ज्याच्या हाती स्टेअरिंग

मुरूम गावच्या आडत्याची लेक राजेश्वरी एसटीत आगारप्रमुख झाली आणि भूमकडच्या कोरड्या मुलखात आली. बाई हौशी. रोज सकाळी चालक-वाहकांना गोल उभं करायच्या आणि सांगायच्या, "स्टेअरिंग ज्याच्या हाती, निर्णय त्याचा. मला विचारत बसू नका."

लोक खुलले. रस्ता बंद दिसला की गाडी दुसरीकडून न्यायचे, बाजारच्या दिवशी आपणहून जादा फेरी सोडायचे. बाईंचा सत्कारही झाला.

गेल्या पावसाळ्यात बब्रुवान या जुन्या चालकानं ओढ्याचा रंग बघून गाडी माघारी फिरवली. पाणी काही पुलावर आलं नाही. गाडीत एका पुढाऱ्याचे पाहुणे होते, त्यांचा साखरपुडा हुकला. वरून फोन आला. बब्रुवान समोरच उभा होता, तरी बाई बोलून गेल्या, "त्यांनी परस्पर ठरवलं, साहेब." बब्रुवान निलंबित झाला. खायचे दात वेगळे निघाले! मग सकाळच्या गोलात कुणी तोंड उघडेना. 'मॅडम सांगतील तसं', एवढंच. बाईंना स्वतःची लाज वाटायची, पण माफी मागायला जीभ रेटत नव्हती.

बब्रुवान कामावर परतला. यंदा सप्टेंबरात आभाळ फाटलं आणि दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, म्होरच्या ओढ्याला पाणी लई हाय. काय करू?"

"काका, तुम्हाला काय वाटतं?"

"मला आता काय वाटत न्हाय. तुमी सांगा."

मागं गाडीत गलका चालला होता, एक लेकरू रडत होतं. फिरवा म्हणावं, आणि पाणी आलंच नाही तर? दुधानं तोंड पोळलं होतं बब्रुवानचं, ताक मात्र बाई फुंकायला लागल्या.

"तिथंच थांबा. वर विचारते."

वरचे साहेब मीटिंगमध्ये होते. बऱ्याच वेळानं फोनवर आले आणि हसले. "जागेवरचा निर्णय जागेवर, हे तुमचंच धोरण ना, मॅडम?"

बब्रुवानचा फोन लागेना. खिडकीबाहेर आगाराच्या अंगणात पाणी साचत होतं आणि त्या पुन्हापुन्हा बटण दाबत होत्या. शेवटी एकदाचा लागला.

"काका, फिरवा गाडी! मी सांगते. माझ्या जबाबदारीवर फिरवा!"

पलीकडून आधी नुसता पाण्याचा आवाज आला.

"मॅडम, तुमी थांबा म्हणलात, म्या थांबलो. आता मागचा ओढाबी आलाय. कुठं फिरवू, सांगा."