ललिताबाईंची साडेनऊ किलोची रिकामी बॅग

परदेशी निघालेल्या माणसाच्या हातात ‘थोडंसंच आहे हो’ म्हणत पुडा कोंबलाय की नाही तुम्ही कधी? खरं सांगा. कोंबला असेल, तर ही गोष्ट तुमचीच आहे. नसेल, तर तुम्ही पुण्याचे नाही, किंवा तुमच्या ओळखीचं कुणी अजून विमानात बसलेलं नाही.

सदाशिव पेठेत एका दातांच्या दवाखान्याच्या जिन्याखाली ललिता ढोके बसते. बॅगा दुरुस्त करते. चेन, रनर, चाकं, हँडल, सगळं. मूळची भंडाऱ्याकडची, पवनीची. लग्न करून येरवड्यात आली. नवरा आनंद रिक्षा चालवतो. हे काम तिला कुणी शिकवलं नाही. स्वतःची पिशवी फाटली, ती तिनं पुरती उसवून बघितली, आणि शिवणाऱ्यानं कुठे चोरी केली होती ते तिला कळलं. तेवढ्या शिक्षणावर बावीस वर्षं धंदा चाललाय. डिग्री बॅग घेऊन जाणाऱ्याला लागते, शिवणाऱ्याला नाही.

पेठेतली अर्धी मुलं परदेशी गेली ती ललिताच्या टाक्यांवर. मग सुनांच्या बाळंतपणाला आया गेल्या, आणि आयांच्या मागे घरी उपाशी राहायला नको म्हणून बाप गेले. तेही तिच्याच टाक्यांवर. तिचा एकच नियम. एकदा केलेली दुरुस्ती पुन्हा उघडता कामा नये. तुम्ही रनर बदलायला द्या, ती न सांगता कोपऱ्याला पट्टीही मारून ठेवते.

यंदा तिच्या लेकीचा, उत्कर्षाचा, नंबर लागला. सरकारी शिष्यवृत्ती, सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, इंग्लंडातलं लीड्स. ललितानं ही बातमी पोटात ठेवायला हवी होती. पण पर्सचा रनर घेऊन आलेल्या बाईलाही ती आधी बातमी द्यायची आणि मग रनर.

वरच्या मजल्यावरच्या अक्षताताई, बँकेतून निवृत्त, चष्मा नाकावर सरकवून म्हणाल्या, “अरे वा! शिष्यवृत्ती! म्हणजे... तुमच्यातली का?”

“नाही, परीक्षेतली,” दातात दोरा धरून ललिता म्हणाली.

अक्षताताई वर गेल्या आणि पाच मिनिटांत पुडा घेऊन खाली आल्या. “आमचा सलिल लंडनला असतो. मेतकूट आहे, भाजणी आहे. थोडंसंच. वाटेतच पडेल तिला. जमेल का हो?”

लीड्सहून लंडन हे पुण्याहून सोलापूरपेक्षा लांब आहे. पण पेठेच्या नकाशात मुठेच्या पलीकडचं सगळं जग एकाच वाटेवर असतं.

ललिता ‘हो’ म्हणाली. का म्हणाली, ते तिला नंतर बरेच दिवस कळेना. मला कळतं. बावीस वर्षांत ह्या जिन्यावरून गेलेल्या लोकांनी तिच्याकडे ‘काही कमी करा’ ह्यापलीकडे काही मागितलं नव्हतं. आता पहिल्यांदा कुणीतरी मान तिरकी करून ‘जमेल का’ विचारत होतं. तो ‘हो’ फार गोड लागला तिला. मग पुढचे सहा ‘हो’ आपोआप गेले. शेंगदाण्याची चटणी, बाकरवडी, कुणाच्या नातवाचं सोवळं, कुणाच्या जावयाची दाढदुखीची गोळी. दाताचा दवाखाना डोक्यावर असताना!

आपली माणसं तरी कुठे मागे राहतात? येरवड्याच्या विहारातले श्यामकाका पितळी बुद्धमूर्ती घेऊन आले. “तिथल्या उपासकांसाठी.”

“तिथे उपासक आहेत का काका?” उत्कर्षानं विचारलं.

“मूर्ती पोचली की होतील!”

राहिली बॅग. उत्कर्षाची मैत्रीण मैत्री हिनं स्वतःची नवी बॅग देऊ केली होती. चकचकीत, हलकी, चार चाकांवर नाचणारी. ललितानं तिच्यावर अंगठा दाबला. आत खळगा पडला आणि टक् करून बाहेर आला.

“ह्याच्यापेक्षा तुपाचा डबा बरा,” ती म्हणाली. “आणि मी बॅगवाली. माझी पोरगी दुसऱ्याची बॅग नेणार?”

महिनाभर खपून तिनं बॅग बांधली. सांगाडा एका डॉक्टरांनी टाकून दिलेल्या बॅगेचा, चाकंही त्यांचीच. बाहेरून ट्रकच्या ताडपत्रीचं कापड, तळाला प्लायवूड, चारी कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, आतून दुहेरी अस्तर. हत्ती बसला असता तर हत्तीच माफी मागून उठला असता.

निघायच्या आधीच्या रविवारी दुपारी सामान भरायला घेतलं, तेव्हा उत्कर्षा म्हणाली, “आई, एकदा वजन करू या का? तेवीस किलोच चालतं.”

“बॅगेचंही धरतात?”

“सगळ्याचं धरतात.”

इथे ललिता थबकली. बावीस वर्षं तिनं परदेशी जाणाऱ्या बॅगा शिवल्या, पण एकही तोलली नव्हती. तिच्याकडे बॅग रिकामी यायची, रिकामीच जायची. भरायची कशी, किती, हा नेणाऱ्याचा प्रश्न. आणि तिच्या घरातून नेणारं कुणी आजवर निघालंच नव्हतं.

वस्तीत काटा एकच, सुदर्शनच्या भंगाराच्या दुकानात. आनंदनं रिकामी बॅग रिक्षात घातली, तिघं गेली. बॅग बघून सुदर्शन खूश.

“काकू, मोडीत द्यायची ना? लोखंड वेगळं लावतो, पत्र्याच्या भावात नाही धरत.”

“वजन कर. तोंड नको चालवू.”

काट्यावर आकडे नाचले आणि थांबले. नऊ किलो चारशे.

“आत काय भरलंय?”

“काही नाही.”

“रिकामी?” सुदर्शननं काटा एकदा हातानं पुसून पुन्हा बघितला.

“रिकामी नाही रे,” आनंद म्हणाला. “तुझ्या काकूचा स्वभाव आहे आत.”

घरी पुडे आणि मूर्ती ह्यांचं मिळून आठ किलो निघालं. म्हणजे वर्षभराच्या संसाराला पोरीच्या वाट्याला साडेपाच किलो. तेवढं तर तिचं तिखट, पापड आणि एक जोड बूटच होत होतं.

उत्कर्षा खाली बसली आणि भरायच्या सामानातून एकेक बाहेर काढायला लागली. आधी पुस्तकं, ‘तिथल्या लायब्ररीत मिळतील’ म्हणत. मग तिनं चार वर्षं जपलेल्या नोट्स. मग जाड कोट, आनंदनं कॅम्पातून घासाघीस करून आणलेला, बाही थोडी लांब.

राग आला की ललिताच्या तोंडी पवनी येते. “कोट काहून काढून राहिली तू?”

“वजन, आई.”

“मग पुडे काढ ना!”

“तू शब्द दिलायस त्यांना.”

“तिकडे थंडी असते म्हणतेस ना तूच?”

“असते की.”

“मग?”

“मग काय? मेतकूट पांघरीन.”

आनंद खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. ललिता कोटाकडे बघत राहिली. दुसऱ्याच्या लेकराची भाजणी आत, आणि स्वतःच्या लेकराचा कोट बाहेर. हे तिनंच केलं होतं, स्वतःच्या तोंडानं, सात वेळा ‘हो’ म्हणून.

तिनं ब्लेड घेतलं आणि बॅग आडवी पाडली.

“आई, राहू दे. मैत्रीची बॅग आणते मी.”

“गप बस. मले शिकवू नको.”

स्वतःचा टाका स्वतः उसवणं तिला जड गेलं. ते काही काम अवघड म्हणून नव्हे. प्रत्येक पट्टी तिनं कशासाठी मारली होती, ते तिला आठवत होतं. लोकांना वाटायचं, बॅग आपटणाऱ्यांची भीती. नाही. तिला एकच चित्र दिसायचं: तिकडच्या विमानतळावरचा तो फिरता पट्टा, भोवती जगभरची माणसं, बॅग उघडलेली, पोरीचे कपडे पसरलेले, आणि कुणीतरी आपल्या भाषेत हळूच म्हणतंय, ‘असलीच असणार.’ त्या दोन शब्दांसाठी तिनं एवढं लोखंड घातलं होतं. चारी पट्ट्या निघाल्या, प्लायवूड निघालं, अस्तराचा एक पदर गेला. टाके मात्र तिनं दुहेरी ठेवले. टाक्याला वजन नसतं.

पुन्हा काटा. चार किलो शंभर. लोखंड सुदर्शनकडेच राहिलं, शब्दाला जागून त्यानं ते पत्र्यात धरलं नाही.

मूर्ती परत करताना श्यामकाका रागावले. “बुद्धाला नाही म्हणतेस?”

“काका, सिद्धार्थ घर सोडून निघाला तेव्हा त्यानं पितळ नेलं नव्हतं,” ललिता म्हणाली.

सोमवारी सकाळी तिनं जिन्याच्या पायरीवर सातही पुडे ओळीनं मांडले आणि बुटाच्या खोक्याच्या झाकणावर पाटी लिहिली: ‘परदेशी पाठवण्यास दिलेले पुडे येथे परत मिळतील. मुलगी शिकायला जात आहे, पोचवायला नाही. थोडंसंच होतं असे म्हणू नये.’

पहिल्या उतरल्या अक्षताताई. “अहो ललिताबाई, एवढंसं तर होतं!”

ललितानं आरीच्या टोकानं पाटीची शेवटची ओळ दाखवली.

“तुम्ही अगदी पुणेरी झालात हो!” अक्षताताई म्हणाल्या, पुडा उचलत.

“बावीस वर्षं तुमच्याच बॅगा शिवतेय,” ललिता म्हणाली.

उत्कर्षा गेली. कोट आत, पुस्तकं आत, नोट्स आत. तिसऱ्या दिवशी फोनवर फोटो आला: लीड्सच्या खोलीत बॅग उभी, बंद, एका बाजूला कललेली. एक चाक तुटलं होतं. टाका एकही नाही. तरी ललिता दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला खुलासा देत होती, “चाक माझं नव्हतं. डॉक्टरांचं होतं.”

पायरीवर अजून तीन पुडे पडून आहेत. एकावर नाव नाही. वासावरून शेंगदाण्याची चटणी असावी, आणि मुंग्यांचंही तेच मत आहे. तो तुमचा असेल, तर मेहेरबानी करून येऊन घेऊन जा. दुपारी एक ते चारसुद्धा ती जाग्यावरच असते. फक्त जिन्यापाशी पोचल्यावर आधी पाटी वाचा, मग तोंड उघडा.